कोणाचं कुत्रं, कुठला माणूस

शिबी राजाच्या गोष्टीत खराखुरा तराजू आहे. ससाण्याच्या भीतीने कबूतर राजाच्या आसऱ्याला येतं, ससाणा आपलं भक्ष्य मागतो आणि राजा कबुतराच्या वजनाइतकं स्वतःचं मांस देऊ करतो. मांडीचे तुकडे कितीही टाकले तरी कबुतराचं पारडं जडच राहतं. शेवटी राजा स्वतःच दुसऱ्या पारड्यात चढून बसतो. कीर्तनकार इथे राजाच्या त्यागावर रेंगाळतात. ससाण्याचं म्हणणं मात्र फारसं कोणी सांगत नाही. तो म्हणतो की या एका कबुतराला वाचवलंत तर मी मरेन, माझी बायकोमुलं मरतील. एकासाठी अनेकांचा जीव जावा, हा कसला धर्म? राजा त्याला दुसरं अन्न देऊ करतो, तो नाकारतो, आणि मग सुरी येते.

महाप्रस्थानाच्या वाटेवरचा युधिष्ठिर आपल्याला जास्त परिचयाचा. सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून इंद्राच्या रथात चढायला तो तयार होत नाही. पण तिथेही इंद्र खोचक प्रश्न टाकतो: वाटेत द्रौपदी पडली, भाऊ पडले, त्यांना सोडून तू पुढे आलास, मग या कुत्र्यानेच काय असं केलं आहे? युधिष्ठिराचं उत्तर असं की ते मेले होते, मेलेल्यांसाठी मला काही करता येत नव्हतं. हा जिवंत आहे आणि माझ्या भरवशावर आहे. उत्तर पटो न पटो, प्रश्न विचारला गेला होता हे महत्त्वाचं.

पाळलेल्या, आसऱ्याला आलेल्या, दारात वाढलेल्या जनावराच्या जिवाचं मोल माणसाच्या जिवापुढे किती, या विषयावरचे लेख या संग्रहात एकत्र केले आहेत. हा विषय पारावर निघतो तसा तत्त्वज्ञानाच्या वर्गातही निघतो, आणि दोन्हीकडे घाईने मिटवला जातो. कोणी ‘शेवटी माणूस तो माणूस’ म्हणतं, कोणी ‘माणसापेक्षा कुत्रं बरं’ म्हणतं. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या वेळी एक ठरावीक कुत्रं आणि एक ठरावीक माणूस असतो. ते कोणते, हे सांगितलं जात नाही. संपादन करताना माझं मत पक्कं होत गेलं ते असं की तराजूत ‘प्राणी’ आणि ‘माणूस’ कधी बसतच नाहीत. बसतं ते कोणाचं तरी कुत्रं आणि कुठला तरी माणूस. वाद जनावराचा म्हणून सुरू होतो आणि बऱ्याचदा दोन माणसांमधला निघतो. जनावर मात्र त्यात खरोखर मरतं.

महाराष्ट्रात तर हा हिशेब पहिल्यापासूनच गुंतागुंतीचा आहे. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणीच ऐकतो. एकनाथांच्या दोन आख्यायिका शेजारी ठेवून वाचाव्यात: रामेश्वरासाठी आणलेलं कावडीतलं गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजणारे नाथ, आणि गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारं अस्पृश्याचं मूल उचलून कडेवर घेणारे नाथ. सोवळ्या समाजाला दुसरी गोष्ट जास्त बोचली असणार. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा त्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत मणिभवनात गांधींना भेटले तेव्हाही, जिथे आम्हाला कुत्र्यामांजरांहून हीन वागवतात ती आमची मायभूमी कशी, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्यामुळे ‘मुक्या जीवाला माणसासारखं वागवा’ हे आवाहन इथे सगळ्यांच्या कानांवर सारखं पडत नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना जनावराच्याही मागे उभं केलं होतं, त्यांना भूतदयेच्या भाषणात आधी ती रांग आठवते. प्राणिप्रेमी मंडळी हे फारसं लक्षात घेत नाहीत, आणि मग आपल्याविषयी एवढा राग का, याचं नवल करत बसतात.

शहरी वादाची सुरुवात मुंबईत शोधावी लागते. १८३२ च्या उन्हाळ्यात कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायची मोहीम काढली, मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस लावलं, आणि जूनमध्ये कोटात पारशी समाज रस्त्यावर उतरला. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे. मृताच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी, असा अंत्यविधीतला संस्कार आहे. कुत्री मारणाऱ्या पोलिसांवर जमाव चालून गेला, बाजार बंद पडले, लष्कर बोलवावं लागलं. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था आली आणि त्यानंतर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, गिरणगावच्या तोंडी ‘बैलघोडा हॉस्पिटल’. परळ हा या विषयाचा नकाशाच आहे. बैलघोड्यापासून चालत जाण्याच्या अंतरात के.ई.एम., टाटा मेमोरियल आणि हाफकिन संस्था. एका आवारात जनावराचा जीव वाचवायची धडपड, शेजारी माणसांच्या रांगा, आणि पलीकडे ती संस्था जिच्या कामाचा पायाच जनावरांवर केलेले प्रयोग हा होता. सर्पदंशावरचं औषध आजही घोड्याला थोडंथोडं विष टोचून, त्याच्या रक्तातून मिळवतात. साप चावलेल्या शेतमजुराच्या पारड्यात एक घोडा आधीच बसलेला असतो, आणि त्याबद्दल कोणी मोर्चा काढत नाही.

गांधींच्या दोन प्रकरणांवर मी इथे जरा थांबतो, कारण भारतीय चर्चेत इतकी प्रामाणिक ओढाताण दुसरीकडे मला दिसली नाही. १९२६ मध्ये अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या आवारात जमलेली सुमारे साठ मोकाट कुत्री मारवली. जैन आणि वैष्णव शहरात गहजब झाला. साराभाई गांधींकडे आले, आणि अहिंसेचा पुरस्कर्ता म्हणून ज्यांच्याकडे देश पाहत होता त्यांनी सांगितलं की दुसरा इलाज नव्हता. मग ‘यंग इंडिया’त त्यांनी यावर लेखमालाच चालवली, संतापलेल्या पत्रांचा ढीग पडला आणि एकेका आक्षेपाला ते उत्तर देत राहिले. त्यांच्या मांडणीचा गाभा आजच्या नगरपालिकांनाही लागू पडतो: मोकाट कुत्रं ही समाजाच्या दयेची खूण नाही, त्याच्या बेजबाबदारपणाची खूण आहे. रस्त्यात तुकडा टाकून पुण्य मिळवायचं आणि कुत्र्याची जबाबदारी कोणीच घ्यायची नाही, याला त्यांनी दया म्हणायला नकार दिला. दोन वर्षांनी साबरमती आश्रमात असह्य वेदनांनी तडफडणाऱ्या, वाचण्याची आशा नसलेल्या वासराला त्यांनी डॉक्टरकडून सुई देऊन मरण दिलं, तेव्हा वादळ पुन्हा उठलं. या वेळी प्रश्न जास्त अवघड होता: हेच तुम्ही माणसाच्या बाबतीत कराल का? परिस्थिती अगदी तशीच असेल तर तिथेही हेच तत्त्व लागू होईल, असं म्हणायला ते कचरले नाहीत. त्याच काळात सावरकर दुसऱ्या टोकाने बोलत होते: गाय उपयुक्त पशू आहे, तिचं पालन करा, पूजन नको, माणसाने पशूला आपल्याहून वर बसवू नये. दोघांचं एकमेकांशी पटणं शक्य नव्हतं, पण भाबड्या भूतदयेला दोघांनीही सूट दिली नाही.

पाश्चात्त्य परंपरेची वाट वेगळी आहे. देकार्तने जनावराला जवळजवळ यंत्रात काढलं. कांटने क्रूरतेला विरोध केला तो माणसासाठी: जनावराशी निर्दय वागणारा उद्या माणसाशीही तसाच वागेल. १७८९ मध्ये बेंथमने मोजमापच बदललं. बुद्धी किंवा वाणी किती हे विचारू नका, वेदना होते का ते विचारा. त्या धाग्यावर पीटर सिंगरचं १९७५ चं ‘ॲनिमल लिबरेशन’ उभं आहे. केवळ आपल्या प्रजातीचा नाही म्हणून एखाद्याच्या वेदनेला कमी लेखणं हा वंशवादासारखाच पक्षपात आहे, असं सिंगर म्हणतो. मात्र वेदना सारखी मोजली तरी मरण सारखं मोजलं पाहिजे असं तो म्हणत नाही. ज्याला आपलं भविष्य कळतं, ज्याचे बेत असतात, त्याच्या मरणात जास्त काही हरवतं. टॉम रेगन हक्कांच्या भाषेत बोलला. १९८३ च्या त्याच्या पुस्तकातली नाव प्रसिद्ध आहे: चार माणसं, एक कुत्रा, नाव पाचांना पेलत नाही. प्राण्यांच्या हक्कांचा हा खंदा वकील म्हणतो, कुत्र्याला सोडा. इतकंच नव्हे, दहा लाख कुत्री असती तरी सोडा. टीकाकारांनी त्याला यावरून बरंच धारेवर धरलं. मला विचाराल तर बुडत्या नावेत मीही माणसालाच वाचवेन. माझा आक्षेप वेगळा आहे: नाव बुडते आहे हे आधी दाखवा. किनाऱ्याला बांधलेल्या नावेतूनही जनावरं ढकलली जातात.

सिंगरच्या मांडणीला सर्वांत टोकदार उत्तर तत्त्वज्ञांनी दिलं असं मला वाटत नाही. मोल बुद्धीवर आणि आत्मभानावर ठरवलं की तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेलं मूल आणि हुशार कुत्रं यांची तुलना दारात येऊन उभी राहते, आणि सिंगर ती टाळत नाही. दक्षिण कॅरोलायनातल्या वकील हॅरिएट मॅकब्राइड जॉन्सन, स्वतः जन्मापासून स्नायूंच्या आजाराने चाकाच्या खुर्चीत, प्रिन्स्टनला जाऊन त्याच्यासमोर बसल्या आणि माझ्यासारखीच्या जगण्याचं मोल तुम्ही बाहेरून कसं ठरवता, हे त्यांनी त्याला विचारलं. प्राण्याला वर उचलणाऱ्या शिडीची एक पायरी एखाद्या माणसाच्या डोक्यावर ठेवलेली असू शकते, हे तिथे उघड झालं. मेरी मिज्ली या ब्रिटिश लेखिकेचा मार्ग मला म्हणूनच जास्त जवळचा वाटतो. माणसांचे समाज कधीच नुसत्या माणसांचे नव्हते, त्यांत बैल, कुत्री, घोडे पहिल्यापासून सामील होते, आणि आपल्या माणसांकडे थोडं झुकतं माप असणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही, असं ती सांगते. बर्नार्ड विल्यम्सनेही पुढे माणसाच्या या कलाची बाजू घेतली. २०११ मध्ये डोनाल्डसन आणि किमलिका यांनी पाळीव प्राण्यांना नागरिक, रानातल्यांना स्वतंत्र राष्ट्रं आणि शहराच्या कडेने जगणाऱ्यांना रहिवासी मानण्याची कल्पना मांडली. आपलं गल्लीतलं कुत्रं यातल्या कुठल्याच खान्यात नीट बसत नाही. त्याला नाव असतं, पट्टा नसतो. अर्धी गल्ली त्याला खायला घालते, आजारी पडलं की ते कोणाचंच नसतं.

मानसशास्त्राने हा प्रश्न प्रयोगात आणला. २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात विचारलं होतं: बस अंगावर येते आहे, एकालाच ओढता येईल, स्वतःचं कुत्रं की माणूस? समोर अनोळखी परदेशी पर्यटक असेल तर सुमारे ४० टक्के लोकांनी कुत्रं निवडलं. माणूस जवळचा होत गेला, मित्र, आजी, भावंडं, तसं हे प्रमाण घसरत गेलं. कुत्रं दुसऱ्याचं असलं की तेही घसरलं. म्हणजे मोजलं गेलं ते नातं. २०२१ चा दुसरा अभ्यास मुलांवरचा: पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना माणूस आपोआप वरचढ वाटत नाही, अनेक मुलं एका माणसापेक्षा जास्त कुत्री वाचवायला निघतात. माणूस श्रेष्ठ ही भावना निदान काही अंशी शिकवलेली आहे. अर्थात शिकवलेली म्हणून ती चुकीचीच, असं नव्हे. शाळेत आपण बेरीजही शिकलो.

कागदावरची बस आणि खरी आपत्ती यांत अंतर असतं. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झालं आणि आठवडाभरात लंडनमध्ये चार लाखांच्या आसपास कुत्री-मांजरं त्यांच्याच मालकांनी दवाखान्यात नेऊन मारवली. एकही बॉम्ब अजून पडला नव्हता. २००५ मध्ये कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या बचावपथकांनी प्राणी घ्यायला नकार दिला, तेव्हा अनेकांनी घर सोडायचं नाकारलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेला आपत्तीच्या योजनांत पाळीव प्राण्यांचा समावेश करणारा कायदा करावा लागला. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलहून एका ब्रिटिश प्राणिसंस्थेची कुत्री-मांजरं घेऊन विमान उडालं आणि ब्रिटिश संसदेत वादळ झालं, कारण विमानतळाबाहेर माणसं अडकलेली होती आणि त्याच संस्थेचे अफगाण कर्मचारीही त्या विमानात नव्हते. सहाच महिन्यांनी युक्रेनमधून परतणाऱ्या काही भारतीय विद्यार्थ्यांनी कुत्र्यामांजरांशिवाय यायला नकार दिला, आणि सरकारने कागदपत्रांचे नियम तेवढ्यापुरते सैल केले. काबूलमध्ये जनावरामुळे अफगाण माणूस हलका ठरला असं लोकांना वाटलं. युक्रेनमध्ये माणूस आणि जनावर मिळून एक कुटुंब मानलं गेलं. दोन्हीकडची कुत्री सारखीच होती.

कायद्याने तर उघड भाव लावला होता. १८६० च्या दंडविधानात ‘दहा रुपये वा अधिक किमतीचं’ जनावर मारण्याला एक शिक्षा होती, गुरांसाठी आणि पन्नास रुपयांवरच्या इतर जनावरांसाठी जास्त. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमातून ही किंमत गेली. १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दहा ते पन्नास रुपयांचा दंड मात्र तसाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जल्लिकट्टूच्या निकालात जगण्याच्या हक्काची कक्षा प्राण्यांपर्यंत नेली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ती बरीच आवरून घेतली. बैलगाडा शर्यतींचा मार्ग त्यातूनच मोकळा झाला. मला जास्त बोलका वाटतो तो मुंबई उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२२ चा आदेश. घरपोच खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या दुचाकीखाली रस्त्यातलं कुत्रं मेलं. पोलिसांनी त्याच्यावर माणसाच्या जिवाला धोका पोहोचवण्याची कलमं लावली. न्यायालयाने सांगितलं की मालकांना कुत्रं लेकरासारखं असेल, पण ही कलमं माणसापुरतीच आहेत. गुन्हा रद्द झाला आणि त्या मुलाला वीस हजार रुपये द्यायला शासनाला सांगितलं. शिकता शिकता पोटासाठी दुचाकी हाकणारा हा मुलगा आपल्या तराजूतला नेहमीचा विसरलेला माणूस आहे.

हा विषय आत्ताच का, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीची सगळी मोकाट कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं, अकरा दिवसांत मोठ्या पीठाने निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्यांना परत सोडा म्हटलं, आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, स्थानकं यांच्या आवारांपुरता पुन्हा कडक पवित्रा घेतला. भारतात रेबीजने वर्षाला किती माणसं मरतात याचे अंदाज अलीकडच्या पाहणीतल्या सुमारे ५,७०० पासून जुन्या १८ ते २० हजारांपर्यंत आहेत. त्यांत लहान मुलं आणि गरीब जास्त, आणि लक्षणं दिसू लागली की जवळजवळ कोणी वाचत नाही. गाडीतून शाळेत जाणाऱ्या मुलाला हे कुत्रं भेटत नाही. कचराकुंडीजवळून चालत जाणाऱ्याला भेटतं. खायला घालणारे आणि चावा घेतलेले हे बहुधा वेगवेगळ्या घरांतले असतात. या भांडणात गोव्याचं उदाहरण पुरेसं का येत नाही, हे मला न उलगडलेलं आहे. तिथे २०१४ पासून वर्षानुवर्षं कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचली गेली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांतला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांतले मृत्यू थांबले. कुत्र्याला टोचलेली सुई माणसाच्या कामी आली. ज्याला तराजू म्हणत होतो तिथे एकच पारडं होतं.

गावाकडची बाजू सोडली असती तर हा संग्रह पुण्या-मुंबईचा झाला असता. दुष्काळात चारा छावणीत जनावरांसोबत महिनोन्‌महिने राहणारी माणदेशातली कुटुंबं, २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर थकलेला बैल विकताही येत नाही आणि पोसताही येत नाही अशा कात्रीत सापडलेला शेतकरी, आणि गोरक्षणाच्या नावाने रस्त्यात माणसं मारली गेली तो काळ, हे सगळं या प्रश्नातच येतं. शहरातल्या प्राण्यांच्या डॉक्टरचं टेबल दुसऱ्या टोकाला. जुलै २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला १६५ कोटी रुपये खर्चून लहान प्राण्यांचं अद्ययावत रुग्णालय सुरू झालं. त्यावर ‘माणसांना खाटा नाहीत आणि कुत्र्यांना एमआरआय’ अशी कुजबुज होते. मला ती अर्धवट वाटते. ते पैसे के.ई.एम.ला मिळणार होते आणि कुत्र्यांनी पळवले, असं घडलेलं नाही. खाटा नाहीत याची कारणं वेगळ्या दारात शोधावी लागतात. पण म्हाताऱ्या कुत्र्याच्या किडनीवर महिन्याचा पगार घालवणारं घर आणि त्याच घरात कामाला येणाऱ्या बाईंनी आजारी मुलासाठी उसने मागितलेले पैसे, ही तुलना मात्र खोटी नाही.

संग्रहात मांसाहार, प्रयोगशाळा आणि वाघ-बिबटे घेतलेले नाहीत. प्रत्येकाला स्वतंत्र पुस्तक लागेल. माणसाच्या सोबतीने जगणाऱ्या जनावरापुरतं आम्ही थांबलो आहोत. लेखकांत पशुवैद्य आहेत, वकील आहेत, शेतकरी आणि तत्त्वज्ञानाच्या अध्यापिका आहेत. त्यांच्यात एकमत नाही आणि ते घडवण्याचा प्रयत्नही केलेला नाही. एकच अट सगळ्यांना घातली होती: ‘प्राणी’ आणि ‘माणूस’ हे शब्द मोघम वापरायचे नाहीत, कोणतं जनावर, कोणाचं, आणि समोरचा माणूस कोण, काय करणारा, हे लिहायचं. काहींनी कुरकुर केली, मग सगळ्यांनी पाळलं.

नव्या वाचकाने तत्त्वज्ञानापासून सुरुवात करायची गरज नाही. कुत्री पकडणाऱ्या पालिकेच्या गाडीवर काम करणाऱ्या कामगाराचं निवेदन आधी वाचावं. त्याला दोन्हीकडून शिव्या बसतात: गाडी आली म्हणून एका इमारतीतून, उशिरा आली म्हणून शेजारच्या. रेबीजची प्रतिबंधक लस आपल्याला वेळेवर मिळावी, फाटलेले हातमोजे बदलून मिळावेत आणि कंत्राट संपलं तरी चाव्याच्या उपचारांचा खर्च कोणीतरी द्यावा, एवढ्या तीन मागण्या त्याने केल्या आहेत. छपाईला जाईपर्यंत त्यांतल्या एकीचंही उत्तर आलेलं नाही. आलं तर पुढच्या आवृत्तीत छापू.